शंभर क्रोनच्या नोटेवरच्या दहा भाषा (आणि अकरावी, जी नाही)

कागदी घोडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तो लांबलाय. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात पुण्यात जुन्या नाण्यानोटांच्या प्रदर्शनात एक नोट दिसली. विकणारा म्हणाला, "जर्मन आहे साहेब, साडेतीनशे." घासाघीस करून तीनशेला घेतली. घरी येऊन भिंगाखाली धरली तर जर्मनीचा काही संबंधच नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीची शंभर क्रोनची नोट निघाली. तारीख २ जानेवारी १९१२, हिरवा रंग, एका बाईचा चेहरा आणि ठसठशीत जर्मन मजकूर. पण खरी मजा बारीक अक्षरांत आहे. तेच 'शंभर क्रोन' आणखी आठ भाषांत छापलंय. चेकमध्ये 'स्तो कोरुन', पोलिशमध्ये 'स्तो कोरोन', मग रुथेनियन (म्हणजे आजची युक्रेनियन), इटालियन 'चेन्तो कोरोने', स्लोव्हेन 'स्तो क्रोन', क्रोएशियन 'स्तो क्रुना', जवळजवळ तेच शब्द सर्बियनमध्ये पण सिरिलिक लिपीत, आणि शेवटी रुमानियन.

आता खिशातली आपली शंभराची नोट काढा. मागच्या बाजूला १५ भाषांची उतरंड आहे ना? वरून आठवी, बरोब्बर मधोमध, मराठी. मला वाटायचं ही कल्पना आपलीच.

नोट उलटी केली की मामला बदलतो. तिकडे एकच भाषा, हंगेरियन. 'साझ कोरोना'. (हो, कोरोना. अर्थ मुकुट. क्रोन म्हणजेही तेच.) दोन बाजूंचा हा फरक छापखान्यातल्या कुणाच्या लहरीने पडलेला नाही. १८६६ मध्ये प्रशियाकडून मार खाल्ल्यावर सम्राट फ्रान्झ योझेफने पुढच्याच वर्षी हंगेरियन पुढाऱ्यांशी तडजोड केली. राजा एक, पण संसदा दोन, पंतप्रधान दोन. सामाईक काय, तर परराष्ट्र खातं, सैन्य आणि त्यांचा खर्च. त्या खर्चात कोणी किती घालायचे यावर दर दहा वर्षांनी भांडण. ऑस्ट्रियाच्या अर्ध्या भागात कायद्याने सगळ्या भाषा समान होत्या, निदान कागदावर. हंगेरीच्या अर्ध्यात राष्ट्र एकच मानलं जाई, मग बोलणारे कितीही प्रकारचे असोत.

त्यामुळे नोटेवर एक गंमत झालीये. हंगेरीत २९ लाखांवर रुमानियन लोक होते, त्यांच्यासाठी नोटेच्या हंगेरियन बाजूला एक अक्षर नाही. पण ऑस्ट्रियाकडच्या बुकोव्हिना प्रांतात पावणेतीन लाख रुमानियन होते, म्हणून जर्मन बाजूला रुमानियन आहे. स्लोव्हाक जवळपास २० लाख, पण सगळे हंगेरीत. त्यांची भाषा कुठेच नाही. तिसरी गत यिडिशची (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा). ऑस्ट्रियाच्या शिरगणतीत तिला भाषा म्हणूनच मान्यता नव्हती, बोलणाऱ्याला जर्मन किंवा पोलिश असं काहीतरी दुसरंच लिहावं लागे.

तर आता शिरगणतीकडे येतो, कारण खरा धागा तोच आहे.

ऑस्ट्रियात १८८० पासून प्रत्येकाला विचारत, तुमची व्यवहाराची भाषा कोणती? म्हणजे रोजच्या वापरातली. उत्तर एकच चालायचं. दोन भाषा लिहायची सोय नव्हती. हंगेरीत प्रश्न वेगळा, मातृभाषा कोणती? आता बोहेमिया-मोरावियातल्या (आजचा चेक प्रजासत्ताक) गावांची कल्पना करा. तिथे चेक आणि जर्मन घरांत पोरं बदलायची पद्धत होती. तुमचा मुलगा सुट्टीभर किंवा वर्षभर आमच्याकडे, आमचा तुमच्याकडे, म्हणजे दोघांना दोन्ही भाषा येतील. शेतकरी, दुकानदार, सगळे करायचे. अशा घरातला माणूस रकान्यात काय लिहिणार? बुडवाइज गावात (आजचं चेस्के बुडेयोव्हित्से) अशी घरं होती की एका शिरगणतीत जर्मन, पुढच्या वेळी चेक. सरकारला फक्त शाळा आणि कचेऱ्यांचा हिशेब लावायचा होता. पण दोन्हीकडच्या राष्ट्रवादी मंडळांनी त्या आकड्यांची लढाई केली. दारोदार प्रचार, मालकाने मोलकरणीच्या नावापुढे परस्पर 'जर्मन' लिहिणं, पोरं बदलणाऱ्यांना फितूर ठरवणं, सगळं झालं. १८९७ मध्ये पंतप्रधान बादेनीने हुकूम काढला की बोहेमिया-मोरावियातल्या सरकारी नोकरांना १९०१ पर्यंत चेक आणि जर्मन दोन्ही यायलाच हव्यात. चेक कारकुनाला जर्मन येतच होतं, जर्मन कारकुनाला चेक शिकायचं नव्हतं. संसद बंद पाडली गेली, रस्त्यावर दंगे झाले, त्याच नोव्हेंबरात बादेनी घरी.

१९१८ मध्ये साम्राज्य गेलं. २८ ऑक्टोबरला प्राग, २९ ला झाग्रेब, ३१ ला बुडापेस्ट, आणि ११ नोव्हेंबरला शेवटचा सम्राट कार्ल कारभारातून बाजूला झाला. पंधरवड्यात चारशे वर्षांचा संसार आवरला. रकाना मात्र गेला नाही. चेकोस्लोव्हाकियाने १९२१ आणि १९३० मध्ये तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारला. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनेशच्या हुकूमनाम्यांनी जर्मन आणि हंगेरियन लोकांच्या जमिनी जप्त केल्या तेव्हा 'जर्मन कोण' याची व्याख्या काय होती माहितीये? १९२९ नंतरच्या कुठल्याही शिरगणतीत ज्याने स्वतःला तसं लिहवून घेतलं तो. १९३० साली एका संध्याकाळी दारात आलेल्या माणसाला दिलेलं एका शब्दाचं उत्तर, आणि पंधरा वर्षांनी घर, शेत, देश सगळं गेलं. साधारण ३० लाख जर्मन असे बाहेर काढले गेले.

बहुभाषिक साम्राज्यं फुटली की नकाशे मागे राहतात असं आपण म्हणतो. मला वाटतं त्याहून चिवट अर्जातले रकाने असतात. मंडळींचं काय मत?

(नोटेवर जर्मन बाजूला लाल रंगात उभा शिक्का आहे, 'डॉइचओस्टराइश'. म्हणजे जर्मन-ऑस्ट्रिया. फोटो डकवलाय.)

चांदणी चौक

वाचतोय. छान. फोटो दिसत नाहीये.

तिरकस तात्या

घोडोबा, लेख झकास. पण दहा भाषांची नोट बघून विरघळू नका. नोटेवर भाषा छापायला शाई लागते, हक्क द्यायला दुसरंच काहीतरी लागतं.

तुमच्या त्या अकराव्या भाषेबद्दल थोडं सांगतो. १९०७, चेर्नोवा नावाचं स्लोव्हाक गाव. लोकांनी वर्गणी काढून चर्च बांधलं. म्हणणं एवढंच की त्याची प्रतिष्ठापना आमच्या आंद्रेय ह्लिंकाने करावी, तो याच गावचा. तो स्लोव्हाक चळवळीतला म्हणून वरच्यांनी त्याला बाजूला ठेवलेलं. २७ ऑक्टोबरला दुसरे पाद्री पाठवले, गावकरी आडवे आले, शिपायांनी गोळ्या झाडल्या. १५ माणसं मेली. त्याच वर्षी हंगेरीच्या शिक्षणमंत्र्याने, आपोनीने, शाळांत हंगेरियन सक्तीचं करणारा कायदा आणला. आणि मतदानाचा हक्क किती जणांना? लोकसंख्येच्या सहा टक्क्यांच्या आसपास. पलीकडे ऑस्ट्रियाच्या अर्ध्यात त्याच वर्षी सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं. एकाच राजाची दोन घरं, एकात पंगत आणि दुसऱ्यात उपास.

पण पुढचं अजून कडू आहे. त्याच ह्लिंकाच्या नावाचा पक्ष १९३९ मध्ये स्लोव्हाकियात सत्तेवर आला, हिटलरच्या छत्राखाली, आणि १९४२ मध्ये त्याने ५७-५८ हजार ज्यू गाड्यांत भरून पाठवले. काल ज्यांच्यावर गोळ्या चालल्या, त्यांचेच हे वारस. म्हणून 'बिचारी छोटी राष्ट्रं' हेही मी ऐकून घेत नाही. प्रत्येक वारसदार देश स्वतःच एक लहानसं साम्राज्य होता, फक्त सम्राट नव्हता. चेकोस्लोव्हाकियात स्लोव्हाकांपेक्षा जर्मन जास्त होते!

कागदी घोडा

तात्या, शंभर टक्के मान्य. मी विरघळलो नाही, तीनशे रुपये वसूल करतोय.

चांदणी चौक, फोटो परत चढवलाय.

डॅन्यूबकाठी

विएन्नातून लिहितेय, इथे १४ वर्षं झाली. आमच्या इमारतीतल्या घंटीवरची नावं: नोवाक, स्वोबोदा, प्रोहास्का, होराक, नाज, एक तुर्की कुटुंब आणि आम्ही. पहिली चार चेक. यातल्या एकालाही चेक येत नाही. शेजारच्या नोवाक आजी सांगतात, त्यांचे पणजोबा दक्षिणेकडच्या टेकडीवर वीटभट्टीत होते. या शहराच्या रिंगरस्त्यावरच्या भव्य इमारती ज्या विटांच्या आहेत त्या भाजणारे बहुतेक चेक मजूर. त्यांना हिणवायचा शब्दच होता, 'त्सीगलब्योम', म्हणजे विटांवाला बोहेमियन. १९१० च्या शिरगणतीत वीस लाखांच्या विएन्नात चेक बोलणारे निघाले फक्त लाखभर. का, ते काघो (कागदी घोडा) यांनी वर लिहिलंच आहे. घरमालक आणि कामाचा मालक दोघेही जर्मन, आणि महापौर लुएगर असा की नवीन नागरिकाकडून शहराचं जर्मनपण जपण्याची शपथ घ्यायचा. मग कोण कशाला चेक लिहील?

पण पोटाला शिरगणती नसते. इथे 'खास विएन्नीज' म्हणून जे खातात त्यात गुलाश हंगेरियन, पोविडल (आलुबुखाराचा घट्ट मुरांबा) चेक, आणि पालाचिंकन म्हणजे आपलं गोड घावनच, ते रुमानियातून हंगेरीमार्गे आलेलं. माझ्या मुलाच्या शाळेत 'ऑस्ट्रियन खाद्यदिन' होता, त्यात अस्सल ऑस्ट्रियन काय न्यावं यावर आम्हा आयांची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी मी साबुदाणा वडे नेले.

१९१९ च्या एप्रिलमध्ये इथे कायदा झाला, हाब्सबुर्ग राजघराण्याला हद्दपारी आणि सगळ्या सरदारक्या रद्द. नावातलं 'फॉन' सुद्धा बेकायदा. शेवटच्या सम्राटाचा मुलगा ओटो जगभर ओटो फॉन हाब्सबुर्ग, पण ऑस्ट्रियाच्या कागदांवर नुसता ओटो हाब्सबुर्ग-लोथ्रिंगन. गंमत म्हणजे हा माणूस पुढे २० वर्षं युरोपीय संसदेत खासदार होता, तोही जर्मनीतून निवडून आलेला. २०११ च्या जुलैमध्ये तो वारला तेव्हा मी नुकतीच इथे आले होते. या घराण्यातल्यांना जिथे पुरतात त्या कापुचिन मठाच्या दारावर काठीने ठोठावतात, आतून पाद्री विचारतो, कोण आहे? बाहेरून सगळ्या पदव्या वाचतात, ऑस्ट्रिया, हंगेरी, बोहेमिया, डाल्माशिया... आतून उत्तर, आम्ही ओळखत नाही. दुसऱ्यांदा त्याची कामं, पदकं, डॉक्टरेट. तरी ओळखत नाही. तिसऱ्यांदा नुसतं 'ओटो, एक पापी मर्त्य माणूस', तेव्हा दार उघडतं. आणि त्याचं हृदय वेगळं काढून हंगेरीत पान्नोनहाल्मा मठात पुरलं. मेल्यावरही दोन अर्ध्यांत वाटणी!

सत्यशोधक सुधाकर

म्हणजे भारताचेही असेच तुकडे होतील असं सुचवायचंय का धागाकर्त्याला? स्पष्ट बोला.

कागदी घोडा

नाही हो सुधाकरराव. उलट ऑस्ट्रियाला जे शेवटपर्यंत जमलं नाही ते आपण १९५६ आणि १९६० मध्ये, हाणामाऱ्या करत का होईना, केलं. भाषेची मागणी राज्याच्या चौकटीत बसवली. ऑस्ट्रियात १८९५ मध्ये त्सिली गावच्या एका शाळेत स्लोव्हेन माध्यमाचे वर्ग काढायचे की नाही यावरून अख्खं मंत्रिमंडळ पडलं. एका शाळेवरून! कारण वाद गावात मिटवायची जागाच नव्हती, प्रत्येक गोष्ट थेट विएन्नाला जायची.

कुंदाप्रेमी

मी बेळगावची. या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्या दोन प्रश्नांनी राहवेना. व्यवहाराची भाषा कोणती, आणि मातृभाषा कोणती.

माझी आजी घरात मराठी. अभंग मराठी, शिव्या मराठी. सकाळी भाजीवाली आली की कन्नड, आणि तेही अस्खलित. दूधवाल्याशी अर्धं अर्धं. बँकेत कन्नड. आजोबांशी भांडण मराठीत, पण भांडण रंगात आलं की मध्येच कन्नड म्हणी. ऑस्ट्रियाचा माणूस दारात आला असता तर ही बाई कन्नड, हंगेरीचा आला असता तर मराठी. बाई तीच, उंबरा तोच, आणि त्या एका शब्दावर तालुका इकडे की तिकडे!

आमच्या सीमाप्रश्नात सगळी मांडणी याच आकड्यांवर आहे. महाराष्ट्र म्हणतो खेडं हा घटक धरा, सलगता बघा, भाषिक बहुमत बघा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. मी कुठल्या बाजूची हे सांगायची गरज नाही, दर १ नोव्हेंबरला आमच्याकडे काळा दिन पाळतात. पण मोजणाऱ्याच्या प्रश्नातच निम्मा निकाल लिहिलेला असतो हे मला आज पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं.

एक गोष्ट मात्र आपल्या जनगणनेत बरी आहे. मातृभाषेनंतर 'येणाऱ्या इतर भाषा' असाही रकाना असतो, दोन भाषांपर्यंत. आजीची कन्नड निदान तिथे बसते.

तिरकस तात्या

ताई, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे. घोडोबांनी राग मानू नये.

पण प्रश्न चुकीचा होता म्हणून सगळं बिघडलं, इतकं सोपं नाही. लोकांना खरोखरच काहीतरी हवं होतं. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडच्या केर्न्टनमध्ये १९२० च्या ऑक्टोबरात सार्वमत घेतलं, ऑस्ट्रिया की नवा दक्षिण स्लाव्ह देश (पुढचा युगोस्लाव्हिया). त्या पट्ट्यात बहुसंख्य लोक स्लोव्हेन बोलणारे, पण ५९ टक्के मतं ऑस्ट्रियाला पडली. बाजार क्लागनफुर्टचा, तो तोडायचा नव्हता. शिरगणतीचा आकडा एक म्हणाला, मतपेटी दुसरंच. तेव्हा भाषा म्हणजे माणूस नव्हे हे १९२० मध्येच सिद्ध झालं होतं. ज्यांना सोयीचं नव्हतं त्यांनी ऐकलं नाही.

रुळावरचा

सीमांचा विषय निघालाय तर माझं आवडतं गाव: चेशिन. पूर्वी एकच गाव, जर्मनमध्ये टेशन. १९२० च्या जुलैमध्ये मोठ्या देशांच्या राजदूतांनी ओल्झा नदीवरून रेघ मारली. जुनं गाव, किल्ला, बाजारपेठ पोलंडला. रेल्वे स्टेशन आणि कारखाने चेकोस्लोव्हाकियाला. १९११ मध्ये सुरू झालेली ट्राम बाजारातून पूल ओलांडून स्टेशनपर्यंत जायची. सीमा पडल्यावर ती १९२१ मध्ये बंद झाली. दहा वर्षांची ट्राम! सीमा अशी पडली कारण दोन्ही देश लोहमार्गासाठी भांडत होते. बोहुमीन-कोशित्से मार्ग हा चेक आणि स्लोव्हाक भागांना जोडणारा मुख्य दुवा, तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता. १९३८ मध्ये म्युनिक करार झाल्या झाल्या पोलंडने पलीकडचा भाग बळकावला. आता शेंगेन, पुलावरून चालत जा, कोणी विचारत नाही.

विएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा (तेव्हाचं प्रेसबुर्ग) यांच्यात १९१४ च्या फेब्रुवारीत विजेची गाडी सुरू झाली होती. टायमिंग बघा. चारच वर्षांत मध्ये सरहद्द आली.

आणि पोलंडच्या रेल्वेचा नकाशा काढून बघा. पश्चिमेला प्रशियाच्या वाट्याच्या भागात रुळांचं जाळं, पूर्वेला रशियाच्या वाट्याच्या भागात तुरळक रेघा. निवडणुकीच्या निकालांचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवलात तर शंभर वर्षांपूर्वी पुसलेली सीमा परत दिसते. रुमानियातही तसंच. २०१४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रान्सिल्व्हेनियाने योहानिसला भरभरून मतं दिली, म्हणजे जुनी हंगेरीची हद्द जवळपास आखूनच मिळाली.

हिशेबनीस

बँकेतून निवृत्त आहे, म्हणून काघो यांनी कंसात टाकलेल्या लाल शिक्क्याबद्दल बोलतो. माझ्या मते साम्राज्य खऱ्या अर्थाने कधी मेलं हे त्या शिक्क्यावरून कळतं, आणि ते नोव्हेंबर १९१८ नव्हे.

राजा गेला, संसद गेली, पण सामाईक बँक चालूच होती आणि नोटा छापत होती. पाच-सहा नवे देश, सगळ्यांचं चलन एकच, आणि छापखाना विएन्नात. विएन्ना स्वतःचा खर्च नोटा छापून भागवणार आणि महागाई सगळ्यांकडे जाणार. आधी दक्षिण स्लाव्हांनी जानेवारी १९१९ मध्ये आपल्याकडच्या नोटांवर शिक्के मारले. मग चेकोस्लोव्हाकियाचा अर्थमंत्री आलोइस राशीन. गडी जबरदस्त. फेब्रुवारीच्या शेवटी कायदा, रातोरात सरहद्दी बंद, टपालसुद्धा थांबवलं. आठवडाभर लोक रांगा लावून नोटा घेऊन आले, प्रत्येक नोटेला छोटं तिकीट चिकटवलं, आणि बरीचशी रक्कम सक्तीचं कर्ज म्हणून सरकारने ठेवून घेतली. आपल्याला २०१६ च्या नोव्हेंबरातल्या रांगा आठवतील. मार्चमध्ये ऑस्ट्रियाला लाल शिक्का मारण्यावाचून पर्याय उरला नाही. राशीनने चेक चलन वाचवलं, पण बेकारी आणि चणचणीचं खापर त्याच्यावर फुटलं. १९२३ च्या जानेवारीत त्याला गोळी घातली, फेब्रुवारीत गेला. ऑस्ट्रियाचं काय झालं? १९२५ मध्ये नवा शिलिंग आला तो १०,००० जुन्या क्रोनला एक.

फोडणारी गोष्ट राष्ट्रवादच असं मला वाटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या जानेवारी १९१८ च्या चौदा मुद्द्यांत या लोकांना स्वायत्त विकासाची संधी द्या एवढंच होतं, साम्राज्य मोडा असं नव्हतं. त्याच जानेवारीत पिठाचा शिधा कमी केल्यावर विएन्नासह साम्राज्यभर लाखो कामगार संपावर गेले. हंगेरीकडे धान्य होतं, त्यांनी हात आखडता घेतला. दोन अर्ध्यांचा तो दर दहा वर्षांचा हिशेब उपाशीपोटी फाटला. ऑक्टोबरमध्ये सम्राट कार्लने संघराज्याचा जाहीरनामा काढला, त्यातही हंगेरीला हात लावायची हिंमत नव्हती. ज्याला भाकरी देता येत नाही त्याच्या जाहीरनाम्याला कोण विचारतो.

अवांतर: आपल्याकडेही हे झालंय. १९४८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं जादा छापून त्या तिकडे चालवल्या. संग्राहकांकडे बघायला मिळतात.

डॅन्यूबकाठी

हिशेबनीस काका, त्या शिक्क्यावरचं नावही टिकलं नाही. 'जर्मन-ऑस्ट्रिया' म्हणवून घ्यायला १९१९ च्या सप्टेंबरमधल्या सां-जेरमां तहाने बंदी घातली, जर्मनीशी विलीन व्हायलाही. ऑक्टोबरपासून नुसतं 'ऑस्ट्रिया'. ज्या लोकांना वेगळा देशच नको होता त्यांना देश मिळाला. ६५ लाखांच्या देशाला वीस लाखांची राजधानी आणि बेकार कारकुनांची फौज. १९३८ मध्ये हिटलर आला तेव्हा चौकात जमलेल्या गर्दीची चित्रं इथल्या संग्रहालयात आहेत. त्यांच्यासमोर नोवाक आजी फार वेळ थांबत नाहीत.

चांदणी चौक

हंगेरीबद्दल अजून लिहा ना कोणीतरी. मागे तिकडच्या पंतप्रधानांच्या मफलरवर जुना नकाशा होता म्हणून गदारोळ झालेला.

तिरकस तात्या

२०२२. फुटबॉलच्या सामन्याला ऑर्बान 'मोठ्या हंगेरी'चा नकाशा असलेला मफलर घालून गेले. त्रियानोनचा तह, ४ जून १९२०. हंगेरीची दोन तृतीयांश जमीन गेली आणि तीस लाखांवर हंगेरियन लोक रातोरात परदेशी झाले. तिकडून आलेले निर्वासित बुडापेस्टच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांत वर्षानुवर्षं राहिले. म्हणजे जे इतरांना एक अक्षर देत नव्हते, त्यांचेच लोक शेजारच्या देशांत आपल्या भाषेसाठी भांडायला लागले. २०१० मध्ये ऑर्बान सरकारने बाहेरच्या हंगेरियनांना नागरिकत्व देणारा कायदा केला. त्याच दिवशी स्लोव्हाकियाने उलट कायदा केला, दुसरं नागरिकत्व घ्याल तर आमचं जाईल. आणि २०२० मध्ये बुडापेस्टच्या संसदेसमोर शंभर मीटर लांबीचा उतार बांधला, दोन्ही भिंतींवर जुन्या राज्यातल्या १२ हजारांहून जास्त गावांची नावं. १९१३ च्या यादीप्रमाणे, सगळी हंगेरियन नावं. चेर्नोवाचंही हंगेरियन नाव असणारच तिथे कुठेतरी.

कुंदाप्रेमी

काघो, एक राहिलं. 'स्तो', 'चेन्तो' हे आपल्या 'शत'चे चुलत भाऊ ना? मग हंगेरियन तर वेगळ्याच कुळातली भाषा, तिचा 'साझ' काय?

कागदी घोडा

हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि उत्तराने लोळलो. हंगेरियनच्या पूर्वजांनी स्टेपवर असताना हा शब्द इराणी-आर्य लोकांकडून उसना घेतला. म्हणजे नोटेवर एकटा पडलेला तो 'साझ' सुद्धा आपल्या 'शत'च्या घरातलाच, फक्त दत्तक गेलेला.

हिशेबनीस

काघो, आता कामाचं. तो लाल शिक्का नीट तपासा. तेव्हा देशादेशांत एकाच नोटेची किंमत वेगळी, म्हणून खोटे शिक्के सर्रास मारले जायचे. बँकेच्या विएन्ना कचेरीत अशा नोटा आल्या की त्यांच्यावर आणखी एक शिक्का बसायचा: 'नोट खरी, शिक्का खोटा'. तुमच्या नोटेवर तसं काही छोट्या अक्षरांत आहे का? असेल तर तीनशेत लॉटरी लागली.

कागदी घोडा

काका, झोप उडवलीत. कडेला काहीतरी फिकट दिसतंय खरं, मी डाग समजत होतो. भिंग भाच्याने शाळेच्या प्रकल्पाला नेलंय, रविवारी आणून देईल. तोवर त्या कोपऱ्याचा मोठा फोटो टाकतोय, बघून सांगा.

चांदणी चौक

अजूनही दिसत नाहीये.